रेडिओघराजवळचा बाक

आमच्या पार्कातल्या रेडिओघरात कोण राहतं, हा प्रश्न मला लहानपणी फार छळायचा.

घर कसलं, आठ कोनांची सिमेंटची एक खोली. आत उभं राहून माणसाला धड हात पसरता येणार नाहीत एवढीच. वर चारी दिशांना तोंडं करून बसवलेले कर्णे. संध्याकाळी पार्काचा वॉचमन कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली शोधायचा, आत जायचा, थोडी खरखर व्हायची आणि कर्ण्यांतून कन्नड बातम्या सुरू व्हायच्या. मग तो बाहेर येऊन दाराला कुलूप लावायचा. म्हणजे बोलणारी माणसं आतच कोंडलेली. ती जेवतात कधी, गाणाऱ्या बाईला आणि बातम्यांच्या माणसाला एवढ्याशा जागेत भांडण न करता कसं राहता येतं, हे मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "रात्री सोडतात त्यांना." या उत्तरावर मी बरीच वर्षं काढली.

गेल्या महिन्यात अक्काबरोबर त्या पार्कात पुन्हा गेले. अक्का ही माझी आत्या, अप्पांची धाकटी बहीण शालू. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण. गल्लीतली सगळी पोरं तिला तशी हाक मारायची म्हणून मीही मारू लागले आणि खरं नातं काय याची कुणाला फिकीर राहिली नाही. अप्पांच्या वर्षश्राद्धासाठी ती धारवाडहून बंगळूरला आली होती. श्राद्ध झालं, पाहुणे पांगले, दुसऱ्या दिवशी घर एकदम रिकामं वाटायला लागलं. "चल, स्वल्प पाय मोकळे करू या," अक्का म्हणाली, आणि पाय आपोआप तिकडेच वळले.

फिरतं लोखंडी फाटक आता गेलं आहे. त्यात अडकून गोल गोल फिरण्यातच आमची निम्मी संध्याकाळ जायची. आता चालायला फरशांचा गुळगुळीत रस्ता आहे, कडेला निळीपिवळी व्यायामाची यंत्रं आहेत, त्यांवर आज्या एकमेकींशी गप्पा मारत पाय हलवत असतात. बाकांच्या मधोमध लोखंडी दांडा बसवलाय. कशासाठी असेल, असं मी म्हटलं. "कुणी आडवं होऊ नये म्हणून," अक्का म्हणाली. ती धारवाडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे, तिला असल्या गोष्टी लगेच कळतात. रेडिओघर मात्र जागेवर होतं. कर्णे नव्हते. जाळीला नाक लावून मी आत डोकावले. झाडू, घमेली, पाण्याच्या पाइपाचं वेटोळं. एवढ्या वर्षांनी का होईना, आत कोण राहतं ते समजलं.

जाळीचा गंज नाकाला लागला आणि त्या वासासरशी नव्वदीतला तो पार्क अख्खाच्या अख्खा समोर आला.

घसरगुंडी लाल सिमेंटची होती, दुपारभर तापलेली. संध्याकाळीही तिची ऊब फ्रॉकमधून लागायची आणि घरी गेल्यावर मागचा लाल डाग बघून आई कपाळाला हात लावायची. सी-सॉ वर जाताना रडायचा आणि खाली येताना गप्प व्हायचा, का ते मला आजही सांगता येणार नाही. नळाचं पाणी लोखंडाच्या चवीचं आणि साखळीला बांधलेला पेला पितळेचा; दोन्ही मिळून जी चव व्हायची ती पुन्हा कुठल्याच पाण्याला आली नाही. वाचनालयाच्या खोलीत उतरत्या फळ्यांवर वर्तमानपत्रं लावलेली असायची आणि निवृत्त मंडळी उभ्यानं वाचत असायची. तिथे शाईचा आणि तपकिरीचा मिळून एक वास असे. मला तो फार आवडायचा. मी दाराशी उभी राहून नुसता वास घेत असे आणि शिंक आली की पळत असे.

ऋतू आम्हाला जमिनीवरून कळायचे. थंडी सरता सरता पार्काची पूर्वेकडची बाजू गुलाबी फुलांनी झाकली जायची. त्या झाडाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, गुलाबी झाड एवढंच. मग जॅकरांडाचा जांभळा सडा, मग होंगे, म्हणजे आपला करंज, त्याची तांदळाच्या कण्यांसारखी फुलं चपलेला चिकटून घरापर्यंत यायची. गुलमोहर पेटला की सुट्टी लागायची.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेच्या मागोमाग इकडे आलं आणि परत जायचं विसरून गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. चालीरीतीही तशाच. त्यांतली एक तर पार्कातच चालायची.

आमच्यात मुलगी बघायचा पहिला कार्यक्रम घरी करत नसत. गल्ली अरुंद, भिंतीला भिंत लागून. घरी पाहुणे येऊन गेले आणि नकार आला तर तो कॉफीच्या वाफेआधी शेजारी पोचायचा. म्हणून दोन्हीकडची मंडळी पार्कात यायची, आणि यायची ती जणू योगायोगानं. आपण कोण, कशासाठी आलो, हे कुणी बोलायचं नाही. नाव विचारायचं नाही, नोकरी विचारायची नाही. हवापाण्यावर, भाजीपाल्यावर बोलायचं. मुलगामुलगीला लहान पोराबरोबर चार पावलं चालायला पाठवायचं. पसंत पडलं तर मध्यस्थ निरोप घेऊन येणार. नाही पडलं तर कुणी कुणाला पाहिलेलंच नाही. सगळ्यांची अब्रू शाबूत.

अक्काला अशा बऱ्याच जणांनी पाहिलं होतं किंवा पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी ती बी.एड. करत होती आणि घरात एकच गोष्ट तिच्या जिवाला लागलेली होती: मे महिन्यातली परीक्षा. लग्न ठरलं की कॉलेज बंद, पुढचं सासरचे म्हणतील तसं, असं अप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता, आमच्याकडे तसंच व्हायचं. आणि लग्न ठरलं नाही तरी बघण्याच्या कार्यक्रमांतच तिचे आठवडे जात. चार दिवस आधीपासून डाळीचं पीठ आणि साय, उन्हात जायचं नाही, म्हणजे शाळेत पाठ द्यायला जायचं नाही. बी.एड.ला खऱ्या वर्गावर पाठ द्यावे लागत. ते बुडत चालले होते. ती पुठ्ठ्यावर तक्ते रंगवायची, फुलाचे भाग, पृथ्वीचं फिरणं, आणि वर्ग नाही म्हणून मला समोर बसवून शिकवायची. पृथ्वी फिरते तर रेडिओघर जागेवर कसं राहतं, हे मी तिला विचारल्याचं आठवतं. तिनं उत्तर दिलं होतं. ते मात्र विसरले.

तर गुलाबी फुलांचे दिवस होते. केशवमामा नावाचे आमचे एक दूरचे नातलग स्थळं आणायचे. त्यांनी पुण्याहून नव्यानं बंगळूरला आलेलं एक स्थळ आणलं. संध्याकाळी, पार्कात, रेडिओघराजवळच्या बाकावर. अप्पा, आई, अक्का आणि मी निघालो. आईच्या पिशवीत कोडबळ्यांचा डबा होता. तांदळाच्या पिठाची ती खमंग कडी आई सहज म्हणून करायची, आणि ती सहज म्हणून फक्त अशाच दिवशी व्हायची.

बाकावर एक बाई बसल्या होत्या आणि शेजारी चष्मा लावलेला उंच तरुण. बाई त्याला म्हणत होत्या, "अरे, घरी परतल्यावर मुगाची खिचडीच टाकते, भाजीला काही नाहीये." अगदी सरळ, पुणेरी वळणाचं मराठी. त्या काळी आमच्या भागात असलं मराठी बाकावर बसलेलं सापडणं म्हणजे चिंचेच्या झाडाला आंबा लागणं. अप्पांनी आईकडे पाहिलं, आईनं पदर सारखा केला. आणखी खात्री कशाला करायची, आणि करणार तरी कशी? नाव तर विचारायचं नव्हतं.

"अहो, ही फुलं कसली हो?" बाईंनीच आधी विचारलं.

"ते ठाऊक नाही," अप्पा म्हणाले. "पण दरवर्षी येतात. आम्ही इथलेच, सुम्ने फिरायला आलो." मग बाईंचा चेहरा पाहून, "सुम्ने म्हणजे उगीच, हं."

बाई इतक्या खूश झाल्या की बाकावर सरकून त्यांनी आईला शेजारी बसवूनच घेतलं. किती दिवसांत घराबाहेर मराठी ऐकलं नाही, इथे भाजीवालीशी खुणांनी बोलावं लागतं, गवारीला काय म्हणतात, पोहे कुठले घ्यावेत. हा इथे एकटा, जेवणाचे हाल, म्हणून मी आले. आईनं डबा उघडला. बाईंनी कोडबळी खाल्ली, आणखी खाल्ली, पीठ कसं भिजवायचं ते विचारलं. एवढा मोकळेपणा कुठल्याच स्थळानं आजवर दाखवला नव्हता. अप्पांच्या मिशा खुलल्या.

मला घसरगुंडीवर न्यायला म्हणून त्या दोघांना पाठवलं. मी पुढे पळाले. घसरगुंडीच्या माथ्यावरून मागे पाहिलं तर ती दोघं नळापाशी थांबली होती. तो काहीतरी सांगत होता, हातानं काहीतरी लहानसं दाखवत होता. आणि अक्का हसत होती. नेहमी अशा दिवशी ती ओठ मिटून हसायची, आज दात दिसत होते. काय बोलत असतील, हे ऐकायला मी धडाधड घसरून खाली आले, पण पोचेपर्यंत बोलणं संपलं होतं. कर्ण्यांतून कुणी बुवा संथ आलाप घेत होते, आणि वॉचमनची शिट्टी होईपर्यंत आम्ही सगळे तिथेच होतो. निघताना बाईंनी अक्काच्या गालाला हात लावला. "गोड आहे हो पोरगी," त्या आईला म्हणाल्या.

घरी येताना अप्पा गुणगुणत होते. अक्काचं कॉलेज आता संपल्यात जमा आहे, एवढं मलाही कळत होतं, म्हणून मी तिचा हात धरून चालले.

चार दिवसांनी केशवमामा आले ते तणतणतच. पुण्याचे लोक पार्कातल्या कारंज्याजवळ शिट्टी होईपर्यंत ताटकळत बसले होते, तुमच्यापैकी कुणी फिरकलंसुद्धा नाही, बंगळूरच्या माणसांना रीत नाही म्हणून गेले. अप्पा म्हणाले, "अहो, आम्ही भेटलो की त्यांना. कोडबळी खाल्ली त्यांनी." मामा म्हणाले, "कुणी?" रेडिओघर की कारंजं, कुणी कुणाला काय सांगितलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आईला हसू आवरेना. अप्पा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "चुकून का होईना, माणसं बरोबर भेटलीत. तीच शोधायची."

आणि ते शोधायला लागले. यशवंतपूरला एका कारखान्यात ते फोरमन होते. पाळी संपली की बस पकडून थेट पार्कात यायचे. आईनं मला घरून तिथे पोचवायचं, कारण माझी नजर चांगली. मी घसरगुंडीच्या माथ्यावर बसून फाटकाकडे पाहायची, अप्पा रेडिओघराजवळच्या बाकावर. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. उंच, चष्मा, आई बरोबर, मराठी बोलतात. एवढ्या सामग्रीवर त्यांनी सगळा पार्क कामाला लावला. वॉचमन रोज धीर द्यायचा, "बरतारे सार, बरतारे," येतील साहेब, येतील. वाचनालयातल्या निवृत्तांत दोन तट पडले. एक म्हणे बँकेतली बदलीची माणसं, दुसरा म्हणे छे, विमानांच्या कारखान्यातली. शेंगदाणेवाल्यानं तर तसा माणूस कुठेतरी पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. जांभळा सडा पडला, करंजाची फुलं चपलेला लागली, आणि अप्पा आलेल्या प्रत्येक चष्म्याकडे मान उंचावून बघत राहिले. केशवमामा मधूनमधून नवी स्थळं घेऊन यायचे. "आधी ते सापडू देत," अप्पा म्हणायचे.

मला ते दिवस फार आवडायचे, हे सांगायलाच हवं. अप्पा त्याआधी माझ्यासाठी रोज कधी मोकळे नव्हते. आम्ही दोघं बाकावर बसून बातम्या ऐकायचो, पेल्यानं पाणी प्यायचो, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या घरच्या गोष्टी रचायचो. तो माणूस सापडला तर हे बंद होईल, अशी मला मनातून धास्ती होती. पण एक गोष्ट तेव्हाही कळायची नाही. तासाभराच्या ओळखीत अप्पांनी त्या माणसात असं काय पाहिलं होतं? ना शिक्षण ठाऊक, ना पगार, ना गोत्र. दुसरं कुणी असं वागलं असतं तर अप्पांनीच त्याला वेड्यात काढलं असतं.

गुलमोहर फुलला तरी कुणी आलं नाही. मे महिन्यात अक्काची परीक्षा झाली, ती चांगल्या गुणांनी पास झाली. मग शोध हळूहळू विरत गेला, पार्कातल्या गवतावरची पायवाट विरते तसा. पुढे तिचं धारवाडच्या एका सज्जन माणसाशी लग्न झालं, आणि तिकडच्या शाळेत नोकरी करणार, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

आता मधला दांडा टाळून अक्का आणि मी बाकाच्या दोन बाजूंना बसलो होतो. फरशांवरून लोक हात हलवत भराभर चालत होते. मी सहज म्हटलं, "अक्का, तो माणूस कोण असेल गं? मला अजून कधी कधी उत्सुकता वाटते."

"विनायक," अक्का म्हणाली. "पार शहराबाहेर, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होता. येणंजाणं लांब पडायचं म्हणून आठवड्याभरात तिकडेच खोली घेऊन जाणार होते. इकडे पुन्हा यायचे नव्हते."

"तुला ठाऊक होतं?"

"विचारलं की मी. रीत मोठ्यांची होती. मी नळावर पाणी पिताना सरळ नाव विचारलं." मग तिला हसू फुटलं. "त्यानं मला काय विचारलं सांगू? अळीव कुठे मिळतील. बायको सांगलीला माहेरी गेली होती, दिवस भरत आले होते. तिकडे जाताना न्यायचे होते त्याला. बाळ एवढं असेल का, तेवढं असेल का, हातानं दाखवत होता आणि स्वतःच घाबरत होता. इतकं हसले मी."

म्हणजे सगळा पार्क महिनोन्महिने एका लग्न झालेल्या माणसाला शोधत होता. मीही हसायला लागले. हसणं ओसरल्यावर विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"त्या संध्याकाळी गंमत वाटली म्हणून. मला बघायला न आलेला माणूस माझ्याशी बोलत होता, तेवढं मला हवं होतं. घरी जाऊन सांगू म्हटलं. मग मामा आले, अण्णा शोधायला लागला." अप्पांना ती अण्णा म्हणायची. "उद्या सांगू, परवा सांगू. आणि मग लक्षात आलं, तो शोधतोय तोवर मला कुणी बघायला येत नाहीये. माझे पाठ होतायत. म्हटलं, परीक्षेपर्यंत शोधू दे."

"वाईट नाही वाटलं?"

"रोज वाटायचं." ती रेडिओघराच्या जाळीकडे बघत होती. "एप्रिलात एकदा वळीव कोसळला. त्या दिवशी तू तापानं घरी होतीस. तरी अण्णा कारखान्यातून पार्कात गेला आणि चिंब होऊन घरी आला. मी टॉवेल दिला. सांगायचं ओठांवर आलं होतं, अगदी तोंड उघडलं होतं. तर डोकं पुसता पुसता तोच म्हणाला, काळजी करू नको शालू, सापडेल तो. मी लांबून बघत होतो, तू त्याच्याशी बोलताना हसत होतीस."

चालणाऱ्यांची एक रांग आमच्या समोरून गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्याला गरम कॉफी करून दिली, आणि आत जाऊन पुस्तक उघडलं."